शंभर दिवसांचा पूल

एक होता राजा. राजे पुष्कळ होऊन गेले, पण हा भला होता, बरं का. कुणावर खेकसायचा नाही, कुणाला कोठडीत टाकायचा नाही. त्याचं नाव हंबीरराजा. त्याला एक राणी होती, रत्नाई, आणि एकुलती एक लेक होती, कमळजा. मिहीर, पांघरूण ओढू नकोस. दोघांना पुरेल एवढं मोठं आहे ते.

राजाच्या गावाला लागून एक नदी होती. तिचं नाव भोवरी. तिच्यात पाण्याचे भोवरे होते, इथून पार तिथवर. होडी घातली की गरकन फिरायची आणि गडप व्हायची. उन्हाळा असो, पावसाळा असो, बारा महिने तेच. पलीकडचा काठ दिसायचा, पलीकडच्या म्हशी दिसायच्या, चुलींचा धूर दिसायचा, पण जाता यायचं नाही. जायचंच असेल तर डोंगराला वळसा घालायचा. नदी जिथं जन्मते तिथं ती एवढीशी असते, उडी मारली की ओलांडता येते. पण तिथवर चढून पलीकडच्या अंगानं खाली उतरायचं म्हणजे दोन महिन्यांची वाट.

आणि कमळजाला दिली कुठे, तर नेमकी पलीकडच्या काठाला. मुलगा चांगला होता, माणसं चांगली होती. वऱ्हाड दोन महिने चालत आलं आणि नवरीला घेऊन दोन महिने चालत गेलं. लेक निघाली तशी राणीच्या डोळ्यांना धार लागली. तेव्हा राजा म्हणाला, "रडतेस कशाला? मी नदीवर पूल बांधतो. येत्या नागपंचमीला पोर सकाळी तिकडून निघेल आणि दुपारच्या जेवणाला तुझ्या पंक्तीला असेल." नागपंचमीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. राणीनं डोळे पुसले. तिला तेवढंच हवं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही.

मग राजाराणी नदीवर गेले. राणीनं नदीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. तर काय झालं, पाणी उभं राहिलं. बघता बघता त्याची बाई झाली. ओले केस गुडघ्यापर्यंत आणि अंगावर पाण्याचंच लुगडं. म्हणाली, "काय हवं तुम्हाला?" राजानं सगळं सांगितलं.

नदी म्हणाली, "मी एका कुशीवर निजते. पलीकडच्या कड्याला अंग लावून, आक्रसून. तेवढ्या पट्ट्यात भोवरे राहतीलच, तो ओलांडायला पूलच लागेल. तुमची माणसं खुशाल पात्रात उतरू देत. पण एका कुशीवर फार वेळ निजलं की अंग अवघडतं, म्हणून दिवस आधी सांगा. शंभर सांगा नाहीतर हजार सांगा, मला सगळं सारखंच. जेवढे सांगाल तेवढे दिवस हलणार नाही. पुढच्या दिवशी सकाळी मात्र कूस बदलीन. आणि असं मी तीनदाच निजेन."

हजार सांगा म्हणाली होती ती. माझ्याकडे लक्ष आहे ना तुमचं?

आता या राजाच्या दरबारात एक चाल होती. राजाच्या आजोबांच्या वेळी दरबारात फार भांडणं व्हायची. पागोटी उडायची. मग आजोबांनी काय केलं, दरवाजात गुळाची परात ठेवली. आत येणाऱ्यानं गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि तो तोंडात असेपर्यंत कडू बोलायचं नाही. खडा विरघळला की परातवाला लगेच दुसरा द्यायचा. गूळ नको म्हणणाऱ्याला आत प्रवेशच नव्हता. भांडणं थांबली, ते चांगलंच झालं. पण हळूहळू दरबारात खरं बोलणंही थांबलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळं गोड गोड चाललं होतं, मग लक्षात येणार कसं?

राजानं तिघांना बोलावलं. एक पाथरवट, एक सुतार, एक गवंडी. तिघांनी दारात खडा तोंडात टाकला आणि हात जोडून उभे राहिले. राजानं विचारलं, "पुलाला किती दिवस लागतील?"

पाथरवटानं मनात विचार केला. खाण लांब आहे, बैल म्हातारे आहेत, नुसता दगड घडायलाच दोन वर्षं जातील. पण तोंडात गूळ होता. म्हणाला, "शंभर दिवस, महाराज." सुतारानं त्याच्याकडे बघितलं. हा शंभर म्हणतो आणि मी तीनशे म्हटलं तर मीच आळशी ठरायचो. म्हणाला, "कमानीखालचे लाकडी साचे साठ दिवसांत देतो." गवंड्याला काही सुचेना. म्हणाला, "यांचं होईल तसं माझंही होईल, महाराज."

राजा खूश झाला. नदीवर गेला आणि शंभर दिवस सांगितले. नदीनं विचारलं, "शंभर पुरतील?" राजा म्हणाला, "उरतील."

मग नदी निजली. कड्याजवळचा भोवऱ्यांचा पट्टा सोडला तर पात्र कोरडं झालं. पहिले दहा दिवस मुहूर्त बघण्यात गेले. मग दगड आले, तर साचे तयार नव्हते. साचे आले, तर नेमक्या त्याच कमानीचे दगड खाणीत होते. गवंडी बिचारे दोघांची वाट बघत सावलीला बसले. मग चार बैल लंगडायला लागले. मग वळवाचा पाऊस आला. मग पाथरवटाच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, त्याला काय जायचं नाही? कुणी कामचुकार होतं असं नाही हं. घाम गाळत होते सगळे.

नव्वदाव्या दिवशी राजानं दरबारात विचारलं, "किती राहिलं?" तिघांच्या तोंडात गूळ. तिघं म्हणाले, "थोडंच राहिलंय, महाराज. झालंच म्हणा." तेव्हा नदीत चार खांब कमरेएवढे उभे होते. एवढंच झालं होतं. राजाला खिडकीतून ते दिसत होतं, पण कानाला गोड लागलं ना, मग डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो.

एकशेएकाव्या दिवशी सकाळी नदीनं कूस बदलली. माणसं वर पळाली, जीव कुणाचा गेला नाही, घाबरू नका. पण खांब गेले, साचे गेले, दगड गेले.

नागपंचमी आली. राणीनं झोका बांधून ठेवला होता, तो संध्याकाळी सोडून ठेवला. राणीजवळ एक बोलकी साळुंकी होती. तिला भोवऱ्यांचं काय भय. तीच इकडचा निरोप तिकडे न्यायची. तिच्याबरोबर कमळजानं विचारलं, "आई, मी वळशानं येऊ का? दोन महिने लागले तर लागू देत." राणीनं राजाला विचारलं, राजानं दरबाराला विचारलं. दरबार म्हणाला, "पुढच्या नागपंचमीला पूल होतोच आहे, ताईसाहेबांनी कशाला पाय दुखवायचे?" मग राणीनं निरोप धाडला, "नको बाळा. पुढच्या श्रावणात ये, पुलावरून."

मग पुन्हा दगड काढायला घेतले. दोन वर्षं त्यातच गेली. दोन श्रावण आले, दोन्ही श्रावणात साळुंकी तेच विचारत आली आणि तेच उत्तर घेऊन गेली. मधल्या काळात तिकडे कमळजाला मुलगी झाली. राणीनं कुंची शिवली. ती साळुंकीला उचलेना, म्हणून पेटीत ठेवली. राणी म्हणायची, पूल झाला की मीच घालीन तिच्या डोक्यावर. पोरीचं डोकं काय थांबतंय? कुंची लहान झाली, मग राणीनं दुसरी शिवली.

मग राजा दुसऱ्यांदा नदीवर गेला. या वेळी शहाणा झाला होता. म्हणाला, "चारशे दिवस." चौपट म्हणजे फारच झाले असं त्याला वाटलं. नदी निजली.

या वेळी काम बरं चाललं होतं. खांब डोक्याच्या वर आले. मग राजा एक दिवस बघायला आला आणि म्हणाला, "एवढा पूल बांधतोय तर दोन हत्ती शेजारी शेजारी जातील एवढा रुंद करा." कारागीर म्हणाले, "हो महाराज." मग म्हणाला, "मधोमध राणीसाठी सज्जा काढा." कारागीर म्हणाले, "हो महाराज." मग म्हणाला, "प्रत्येक खांबावर एक सिंह कोरा." तेव्हाही हो म्हणाले. दिवस किती वाढतील हे त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. नदी तर झोपलेली, तिला सांगणार कोण? आणि त्या राणीला सज्जा नको होता. तिला लेक हवी होती.

तीनशे दिवस झाले तेव्हा राजाला जरा धाकधूक वाटली. म्हणून त्यानं लांबच्या गावांहून हजार माणसं आणली. झालं, आणखीच घोळ. नव्या माणसांना काही येत नव्हतं. जुने कारागीर छिन्नी खाली ठेवून त्यांना शिकवत बसले. पाण्याला रांग, भाकरीला रांग. एकाचा दगड दुसऱ्याच्या पायावर. दरबारात मात्र, "झालंच, महाराज."

चारशेएकाव्या दिवशी नदीनं कूस बदलली. सगळे सिंह वाहून गेले.

पाचवा श्रावण तसाच गेला. आता मी तुम्हाला एक सांगते. राणीला खोकला झाला होता. रात्र रात्र खोकायची. पण साळुंकीजवळ तिनंही कधी खरं सांगितलं नाही. दर वेळी म्हणायची, "कमळजाला सांग, मी ठणठणीत आहे." पोरीला काळजी नको म्हणून. आई ठणठणीत आहे म्हटल्यावर पोरगीही थांबली. तिला वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. असं एक एक करून पाच झाली.

राजा नदीकाठी एका दगडावर डोकं धरून बसला होता. तिथं एक म्हातारी वाळूत वाकून काहीतरी शोधत होती. तिचं नाव गोजराक्का. नदीकाठी तिची चुन्याची घाणी होती. बैल फिरवून चुना मळायचा आणि बांधकामाला द्यायचा, हे तिचं जन्माचं काम. घाणीचं दगडी चाक वाहून गेलं होतं, ते ती शोधत होती.

राजा म्हणाला, "आक्का, तू इथंच असतेस. हे होणार नाही हे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं की," गोजराक्का म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुठं सांगू? दरबारात शिरायचं तर गूळ खावा लागतो. म्या काशीला जाऊन गूळ सोडलाय."

काशीला जाऊन आलेली माणसं देवाच्या नावानं एखादा आवडता पदार्थ सोडतात, आणि मग जन्मभर त्याला शिवत नाहीत. गोजराक्कानं गूळ सोडला होता. म्हणून सगळ्या राज्यात दरबाराच्या बाहेर राहिलेली ती एकटीच होती.

राजानं विचारलं, "मग आता तू सांग. पूल किती दिवसांत होईल?"

"ते मला न्हाई ठावं, म्हाराज. ते कुनालाच ठावं नसतं. मागं काय झालं तेवढं म्या सांगू शकते. ह्यो घाट बांधला तवा एक वरीस म्हनले, चार लागली. वेशीचा दरवाजा दोन म्हनले, सात लागली. तळं दोनच म्हनले, आठ लागली. तिन्ही कामांना चुना आमच्याच घाणीचा. म्या मोजून बसलेय."

"म्हणजे सगळे खोटं बोलत होते?"

"खोटं न्हाई वो. जो तो चांगला दिस धरून सांगतो. बैल धडधाकट, बायकापोरं धडधाकट, पाऊस न्हाई, पाव्हणा न्हाई, कुनाचं मयत न्हाई. असा दिस म्या सत्तर वर्सांत चार-दोन डाव बघितला आसंल. तेवढ्यावर कुठं पूल हुतोय?"

"मग पुलाला किती धरू?"

"आठ वर्सं धरा."

राजा दगडावरून उठला. म्हणाला, "पाच नाही का होणार?"

गोजराक्का म्हणाली, "तुमी पाच म्हनल्यानं दगूड हलका हुईल व्हय?" आणि पुन्हा वाळूत चाक शोधायला लागली.

मग राजा घरी गेला. राणी अंथरुणावर होती. राजानं तिचा हात धरला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं. "पुलाला आठ वर्षं लागतील." राणी उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "आठ तर आठ. साळुंकीला बोलवा. आज मीही खरं सांगते. माझं काही खरं नाही आता. कमळजाला म्हणावं, पुलाची वाट बघू नकोस. वळशानं नीघ."

साळुंकी पोचली तेव्हा कमळजा भाकरी करत होती. तिनं पीठ तसंच परातीत टाकलं, हात धुतले, तीन वर्षांची पोर कडेवर घेतली आणि निघाली. नवरा मागून शिदोरी घेऊन धावला.

इकडे राजा तिसऱ्यांदा नदीवर गेला. म्हणाला, "आठ वर्षं." आठ वर्षांचे दिवस किती होतात ते उद्या पाटीवर करून बघा. नदी म्हणाली, "देते." आणि मग म्हणाली, "पहिल्याच वेळी आठ वर्षं मागितली असतीस, तर पहिल्याच वेळी दिली असती. मी कधी घासाघीस केली तुझ्याशी?" नदी निजली.

राणी रोज विचारायची, "कुठवर आली असेल?" राजा आता गोड बोलत नव्हता. म्हणायचा, "अजून डोंगराच्या पलीकडेच आहे." मग एक दिवस म्हणाला, "आता उडी मारून नदी ओलांडली असेल." मग म्हणाला, "आता उतरायला लागली असेल." राणी मान हलवायची. एक्कावन्न दिवस तिनं असं ऐकलं. एक्कावन्नाव्या दिवशी ती गेली. कमळजा तेव्हा नऊ दिवसांवर होती.

पाणी दे गं रेवा जरा. हं.

साठाव्या दिवशी कमळजा वेशीतून आत आली. पायांना चिंध्या बांधलेल्या, पोर खांद्यावर झोपलेली. राजा दारातच उभा होता. तिला सांगावं लागलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं तिला. ती रडली, खूप रडली. मग म्हणाली, "आबा, पूल उशिरा झाला म्हणून मी रागावले नाही. कामं उशिरा होतात. पण आठ वर्षं लागतील असं पहिल्या वर्षीच सांगितलं असतंत, तर मी दर वर्षी चालत आले असते. पाच वेळा भेटले असते तिला." राजा खाली बसला.

मग पुढे काय झालं? पूल झाला. साधाच झाला, सिंहांशिवाय. आठ वर्षं पुरी व्हायला वीस दिवस बाकी होते तेव्हा शेवटचा दगड बसला. एकविसाव्या दिवशी नदीनं कूस बदलली, पाणी कमानींखालून निघून गेलं आणि पूल हलला नाही. माणसं आली, गेली. लग्नं झाली इकडून तिकडे. पलीकडच्या म्हशी अलीकडच्या बाजारात आल्या. दर श्रावणात कमळजा लेकीला घेऊन सकाळी निघायची आणि जेवणाला माहेरी असायची. सगळे सुखात राहिले, असं म्हणून गोष्ट संपवायची असते. तशी संपवते. पण राजा पुरता सुखात राहिला असं काही मी म्हणणार नाही.

आता इकडे या दोघं, माझ्याजवळ. तुम्ही रोज विचारता, आई कधी येणार, आणि मी रोज म्हणते, येईलच आता. तुमची आई तिच्या आईजवळ गेलीय नाशिकला, त्या आजीचं मांडीचं हाड मोडलंय म्हणून. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे. पण माझ्या जावेचं असंच मोडलं होतं, तेव्हाही तीन आठवडेच म्हणाले होते आणि तीन महिने लागले. शेजारच्या काकूंना चार लागले. तेव्हा आई दिवाळीपर्यंत येणार नाही. नाही येणार, रेवा. रडायचं तर रड थोडं, मी आहे.

आणि म्हणून या रविवारी आपणच जायचं. एसटीवाले पाच तास लागतात म्हणतात, आपण आठ धरू. डबा बरोबर घेऊ.

झोपा आता. डोळे मिटा. मी आहे इथं.